नागपूरवरचे पन्नास मीटर

आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. मुधोळजवळचं आमचं गाव निर्मल जिल्ह्यात गेलं, याचा त्यांना आजारापेक्षा जास्त राग. जन्मभर महसूल खात्यात कारकुनी केलेला माणूस. फोनवर मलाच झापायचे, "काऊन रे, दुनियाभर विमानं उडवतो, अन् बापाले भेटाले दोन दिवस नाई तुले?"

मी रजा घेतली. त्याआधी एकच फेरी उरली होती, सकाळची पुणे-नागपूर. ती आटोपून तिथूनच गाडीनं घरी येतो, असं बहिणीला कळवलं.

नागपूरवर पोचलो तर खाली धुकं. नियम सरळ आहे: धावपट्टीवर किमान साडेपाचशे मीटरपर्यंत दिसतंय असं खालून कळलं, तरच यंत्रांच्या भरवशावर हजार फुटांखाली उतरायचं. खालून पाचशे सांगत होते. मी घिरट्या घातल्या, पुन्हा पुन्हा विचारलं, सहवैमानिकावर उगाच खेकसलो. आकडा हलेना. शेवटी इंधन बघून विमान हैदराबादकडे वळवलं. तिथं उतरतो न उतरतो तोच नागपूरचं धुकं उठल्याचं कळलं. स्वतःचाच संताप आला.

हैदराबादहून घर जवळ होतं, पण प्रवासी नागपूरला पोचवायचे होते. इंधन भरून परत नागपूर, तिथून गाडी. बहीण फोन उचलत नव्हती. घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. दारात चपलांचा ढीग होता. मी हैदराबादच्या वाटेवर असतानाच बाबा गेले होते.

आई त्यांच्या उशाशी बसली होती. जवळ बासरहून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याचा गडू. आमच्यात शेवटचं पाणी थोरल्या लेकानं पाजायचं असतं. सकाळी बहीण मोबाईलवर माझं विमान कुठवर आलं ते बघत होती. ते नागपूरवर दिसताच ओरडली, "दादा आला!" तेव्हा आईनं बाबांच्या ओठांपाशी नेलेला चमचा मागे घेतला.

"दोन डाव पानी मांगतलं त्याईनं," आई म्हणाली. "मी म्हनलं, थांबा, पोरगं आलंच. तूच पाजशील म्हून..."

तो साडेपाचशे मीटरचा नियम मी आजही मोडणार नाही. पण त्या दिवशी मला त्याची शिसारी आली.

मी चमचा भरून बाबांच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. आईनं पदरानं टिपलं आणि म्हणाली, "हळू पाज."