हरवलेले नऊ दिवस

सारसोळ्याची रंजिता महापेच्या एका छोट्या कंपनीत अकरा वर्षं काम करते. लसींच्या फ्रिजचं तापमान नोंदवणारी यंत्रं तिथे बनतात. यंत्रातल्या चिपवर कुठून कुठपर्यंत काय ठेवलंय, हे सांगणारी एक फाइल असते. आधी यंत्र चालू करणारा प्रोग्रॅम, मग लिनक्स, म्हणजे यंत्राचं सगळं काम चालवणारी प्रणाली, शेवटी नोंदी. लिनक्स ही फाइल वाचतं आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. ती फाइल लिहायचं काम रंजिताचं.

गेल्या वर्षी लिनक्स वाढलं, जागा पुरेना. रंजिताने नोंदींची हद्द थोडी पुढे सरकवली. नव्या यंत्रावर सगळं छान चाललं. जुन्या यंत्रावर तपासायचं राहूनच गेलं. चाचणीसाठी अपडेट एका आरोग्य केंद्रातल्या जुन्या यंत्रावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या औषध विभागाच्या सुनीती गोरेंचा फोन आला.

"मॅडम, चार महिन्यांच्या नोंदी दिसतच नाहीयेत. सोमवारी तपासणी आहे!"

रंजिताचे साहेब सुभाष म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस. फॉरमॅट मार, चिप गेली म्हणून सांग."

"चिप ठीक आहे, सर. आपण नोंदी भलत्याच जागी शोधतोय."

यंत्र मागवून तिने आधी चिपची पूर्ण प्रत काढली. मग फाइलमध्ये जुन्या हद्दी परत लिहिल्या आणि लिनक्समधले ड्रायव्हर, म्हणजे जोडउपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, गरज नव्हती तेवढे काढून लिनक्स जुन्या जागेत बसवलं. यंत्र चालू झालं, नोंदी दिसल्या. पण पहिले नऊ दिवस नव्हते. त्यांच्यावर वाढलेलं लिनक्स लिहिलं गेलं होतं.

संध्याकाळी ओट्यावर जाळं विणत बसलेल्या बापाला, गोटीरामला, तिने सगळं सांगितलं.

"तुज्याबिगर कोनाला कललं असतं?"

"कुनालाच नाय."

त्याने जाळ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मंग तुलाच सांगाया पायजे."

शनिवारी ती चूक कबूल करणारं पत्र स्वतःच्या सहीने घेऊन केंद्रात गेली. सुनीतीताईंनी ते दोनदा वाचलं आणि कपाटातून एक वही काढली. रोज दोन वेळचं तापमान, हाताने लिहिलेलं.

"तुमच्या यंत्रावर माझा भरवसा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण पत्र मात्र फाइलला लावते."

रंजिताला सुटल्यासारखंही वाटलं आणि लागलंही. तपासणी पार पडली. सुभाष आठवडाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. पुढच्या अपडेटच्या वेळी मात्र त्यांनीच स्टोअरमधून तीन जुनी यंत्रं आणवली आणि तिच्या टेबलावर ठेवली.