फ्लाइंगच्या वेळेत हळदीकुंकवाचं बोलावणं

मी जात्याच संशयी. नवरा हवाई दलात, एकेक बढती घेत ग्वाल्हेरला अख्ख्या स्टेशनचा मुख्य होऊन आला, तेव्हापासून तर कुणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकायची. हिला नवऱ्याची बदली थांबवून हवी असणार, तिला मोठं क्वार्टर.

त्यामुळे त्या सकाळी एका तरुण वैमानिकाच्या बायकोने मला दार उघडलं नाही, तेव्हा माझं डोकंच फिरलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी स्वतः गेले होते. पोरगी इथल्याच, शहरातल्या बाड्याजवळच्या मराठी घरातली, म्हणून मुद्दाम फोन न करता. बेल वाजवली. आतला मिक्सर बंद झाला, पडदा हलला, पण दार काही उघडेना. म्हटलं, शिष्टपणा बघा! की आत असं कुणी आहे, जे माझ्या नजरेला पडू नये? मी पुन्हा बेल दाबली, चांगली लांब.

आतून आवाज आला, "मॅडम, अकेल्याच आलात ना?"

"तुला काय करायचंय?" मला तो प्रश्न फारच खटकला.

"गाडीत डॉक्टर साहब बसलेत."

बसले होते खरे, आमच्या स्टेशनचे डॉक्टर. त्यांना शहरात थाटीपुरला जायचं होतं, म्हणून मीच बरोबर घेतलं होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं. वर विमानं उडत होती, तिचा नवरा त्यातल्याच एकात होता. आमच्यात वाईट बातमी फोनवर देत नाहीत. साहेबांची बायको घरी येते, सोबत डॉक्टर असतो.

"अगं, काही झालेलं नाही. हळदीकुंकवाला बोलवायला आलेय."

"आधी असंच काहीतरी बोलतात."

मी नवऱ्याला फोन लावून दाराशी धरला. सगळे ठीक आहेत, हे काय चाललंय तुझं, म्हणून तो माझ्यावरच खेकसला.

"साहेब तुमचेच आहेत, तुमचंच बोलणार," ती आतून म्हणाली. "मला ह्यांचा आवाज पाहिजे. तोपर्यंत मी दार नाही खोलणार." दार उघडलं नाही तोवर नवरा जिवंत आहे, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

डॉक्टरांना गाडीने पाठवून दिलं आणि मी पायरीवर बसले. राग कधीच उतरला होता. आता मलाच भीती वाटायला लागली, कारण तिचा नवरा खाली उतरेपर्यंत माझ्या तरी हातात काय होतं? ऊन पायांवर आलं तेव्हा कुठे आत फोन वाजला. नवऱ्याचा आवाज ऐकून ती नुसती रडत राहिली. मग कडी निघाली, तिने पाणी दिलं, पाया पडली.

हळदीकुंकवाला ती आली. त्याच दिवशी माझ्या नवऱ्याच्या पुढच्या बढतीची बातमी होती, बायका अभिनंदन करत होत्या. तिनेही केलं. मग मला कुंकू लावताना हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण आमच्या घरी परत कधी येऊ नका."

मी म्हटलं, "नाही येणार गं."