वाल्मिकनं जिवंत बापावर केलेली कविता

वाल्मिकनं बाप जिवंत असतानाच त्याच्या दहाव्याची कविता लिहून ठेवली, ही बातमी मंगळवारी सकाळी पुणतांब्यात दुधाच्या कॅनांच्या आधी डेअरीवर पोचली. पोचवणारा गोरक्षनाथ, वाल्मिकचा भिंतीला भिंत लागून शेजारी. "नुसती लिहिली न्हाई, म्हाताऱ्याच्या उशाशी बसून वाचायला लागलाय!" असं सांगताना त्याच्या तोंडावरचं समाधान बघण्यासारखं होतं.

बातमी निम्मीच खरी. वाल्मिकनं काहीही लिहून ठेवलं नव्हतं, आणि सगळं तिथंच अडलं होतं. कविता मागत होता तो खुद्द म्हातारा.

वाल्मिक म्हणजे डेअरीवर दुधाची फॅट मोजणारा. वय बावन्न, आवाज मात्र भरदार. गेल्या वीस वर्षांत गोदावरीच्या घाटावर त्याच्या कवितेवाचून दहावा उरकलेला नाही. पुढारी बोलून थकले की हा मोबाईल काढणार, घसा खाकरणार, आणि सासूशी दहा वर्षं अबोला धरलेल्या सुनासुद्धा पदर शोधणार. कवितांची संख्या मोजून तीन. एक बापाची, एक आईची, एक अपघातात गेलेल्या तरण्याची. नाव बदललं की झालं. त्याला कुणी टोचलं तर म्हणायचा, "रडनारा मानूस चाल ऐकतो, शब्द कुठं ऐकतो?"

पण एक माणूस शब्द ऐकत होता. पहिल्या रांगेत बसून, कानामागं हात धरून. त्याचे वडील, कारभारीआप्पा.

आप्पा वय वर्षे त्र्याऐंशी. रविवारी न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी वाल्मिकला बाजूला घेऊन सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, हृदय अशक्त आहे, भूल झेपेल याची खात्री नाही. पण नुसतं पडून राहिले तर छाती भरेल आणि मग काहीच हातात राहणार नाही. आप्पांनी ते पडल्या पडल्या ऐकलं आणि "आधी घरी न्या" म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी एका रात्रीची मुदत दिली. मंगळवारी दहाला टेबलावर.

आता साडेआठ झाले होते. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आप्पांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरलेली.

"भुलीतनं उठलो न्हाई तर?" आप्पा म्हणाले. "माज्या दहाव्याला सगळा गाव आसंल, मीच नसनार. मला आत्ता ऐकायचीय."

"आप्पा, सकाळच्या पारी काय हे अभद्र!" वाल्मिकची बायको अश्विनी कळवळली.

"तू गप बस गं. वाच रे."

वाल्मिकनं घड्याळ बघितलं, मोबाईल काढला आणि घाटावरच्या चालीत सुरू केलं,

"बोट धरुनी शाळेची वाट दाविली,
कारभारीआप्पा, तुम्ही वडाची सावली..."

"थांब." आप्पांचे डोळे बारीक झाले. "ही वैजनाथच्या बापाची. आन् त्याच्या आधी सरपंचाच्या. मी कवा तुजं बोट धरलं रे?"

डेअरीवरून परतून खिडकीशी उभा राहिलेला गोरक्षनाथ खुदकन हसला. वाल्मिकनं पुन्हा घड्याळ बघितलं. पावणेनऊ. ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "काका, श्रीरामपूरच्या रस्त्याला ट्रॅफिक हाय, उशीर झाला तर मला बोल नका लावू."

"आप्पा, तुमचं हाड मोडलंय! कवितेनं जुडनार हाय का?"

"दुनियेच्या बापांना रडलास. माज्यापुरतं तुज्याकडं काय न्हाई, आसं म्हन, मी जातो उगा."

आणि मग वाल्मिक चिडला. मोबाईल खाटेवर आपटून, चाल नाही, यमक नाही, उभ्यानंच तो बोलायला लागला.

"शाळेत तुमी एकदाच आले,
ते बी मास्तरनं बांधून ठिवलेली म्हैस सोडवायला.
माज्याकडं बघितलं बी न्हाई.
तुमचा हात माज्या पाठीवर पडला तो मारायलाच.
आता त्याच हाताची नखं मी काढतो.
पानी कढत न्हाई ना, इचारून अंगावर घालतो.
तुमी वरडता, मी खेकसतो,
न्हानीत कोन कुनाचा बाप, ते कळत न्हाई.
परवा एक मिनिट मी टावेल आनायला गेल्तो.
एकच मिनिट.
आप्पा, मला आजून कुनीतरी शिव्या द्यायला पायजे.
तुमी गेल्यावर घरातला म्हातारा मीच,
आन् मला ते जमनार न्हाई."

गोरक्षनाथ खिडकी सोडून आत आला. टॉवेलाची गोष्ट वाल्मिकनं अश्विनीलाही सांगितली नव्हती.

आप्पांची बोटं एकेक करून खाटेच्या कडेवरून सुटली.

"म्हैस न्हवती," ते म्हणाले. "रेडा हुता. उचला."

चौघांनी चादरीसकट उचललं. आप्पा कळवळले, ड्रायव्हरला आईवरून एक शिवी हासडली, आणि गाडीत आडवे झाले. नऊला पाच कमी होते. वाल्मिक त्यांच्या डोक्याशी बसला आणि हातानं त्यांचा खांदा दाबून धरला, खड्ड्यांत हिसका बसू नये म्हणून. दार लागता लागता आप्पांनी मान वळवली.

"मी मेलो तर घाटावर हीच वाच. रेडा घालून."

"न्हाई वाचनार," वाल्मिक म्हणाला. "ज्याच्यावर केली त्यानं ऐकली, संपलं. गावाचा काय संबंध? आता हात हलवू नका, आन् मुकाट पडून ऱ्हावा."