वरून ओतलेलं पाणी

दशरथशी मी नीच वागलो. १९५४ साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी. दशरथ नागपूरच्या इंदोऱ्याचा, अस्पृश्य वस्तीतला, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, माझा मित्र. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही — आईजवळसुद्धा नाही. सोबत असलेले दोघंही कधी बोलले नाहीत; त्यांनाही जेवण गोड लागलं होतं.

मला तुम्ही ओळखत असाल. नागपुरातल्याच महाल भागातल्या कोष्ट्याचा पोरगा, चौकाचौकांत पत्रकं वाटणारा. आमचं एक सहल मंडळ होतं. दर हिवाळ्यात कुठले तरी जुने अवशेष पाहायला जायचं, आणि आल्यावर मी त्यावर पुस्तिका काढायची. सांची झाली, अजिंठा झाला, मांडू झालं. जिथं जाणं शक्य नव्हतं तिथलं वाचून ठोकून द्यायचो. इजिप्तचे पिरॅमिड, रोमचं ते प्रचंड रिंगण — कुणाच्या पाठीवर उभं राहिलं हे? असं सीताबर्डीवर ओरडून विचारायचो. हजारो वर्षांपूर्वीच्या गुलामांसाठी माझा घसा बसायचा. मेलेल्यांची बाजू घ्यायला काय लागतं?

मुद्द्यावर येतो. येतोच आहे — किळस वाटते म्हणून वेळ लागतोय.

त्या रविवारी आम्ही चौघं नदीकाठच्या एका पडक्या देवळांच्या समूहाकडे गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही त्या गावाला शिव्या द्याल आणि मी सुटेन. निम्मी शिखरं कोसळलेली, दगडांच्या फटींत पिंपळ माजलेला. एका देवळात तेवढी अजून पूजा चालायची. दशरथनं आमच्या प्रत्येक पुस्तिकेचं पानन् पान जुळवलं होतं, पण सहलीला तो पहिल्यांदाच आलेला. मीच मागे लागलो होतो — नुसतं कागदावर किती दिवस पाहशील? वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी लंगडायला लागलो तशी माझी पिशवी त्यानं न सांगता खांद्यावर घेतली.

देवळाच्या दारात पुजारी उभा. त्यानं आम्हा तिघांची नावं विचारली, मग आडनावं. घटनेनं अस्पृश्यता मोडीत काढून चार वर्षं होत आली होती, ते कलम मला तोंडपाठ होतं. मग त्यानं दशरथकडे हनुवटी वळवली. "अन् हा कोन होय?"

मी म्हणालो, "सामान आणलं त्यानं."

एवढंच. खोटंसुद्धा नव्हतं, बघा — पिशवी खांद्यावर होतीच ना? असल्या सोयीच्या खऱ्याची मला आता खोट्याहून जास्त शिसारी येते. भीती तरी कसली होती? पुजारी म्हातारा, हातात साधी काठी नाही. फार तर आम्हाला जेवू घातलं नसतं. आणि मला भूक लागली होती. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

दशरथनं पिशवी पायरीवर ठेवली आणि पडक्या भिंतीच्या कडेला उन्हात जाऊन बसला. आम्ही आत मूर्ती पाहिल्या, सभामंडपात पत्रावळी मांडून वरण-भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. मी भात पुन्हा मागून घेतला.

पण सांगायचं ते हेही नाही. ते पुढं आहे.

जेवण उरकल्यावर पुजाऱ्यानं पाण्याचा लोटा माझ्या हाती दिला. "तुमच्या गड्याले पाजजा. वरूनच टाकजा, लोटा लागू देऊ नोका." मी गेलो. तो दारातून पाहत होता. दशरथनं ओंजळ धरली. याच ओंजळीवर मी किती भाषणं ठोकली होती — आणि मी हात उंच केला. इतका उंच की पुजाऱ्यानंही केला नसता. पाणी दशरथच्या कोपरांवरून ओघळून सदऱ्यात गेलं.

तो खालूनच म्हणाला, "जवळून टाक ना गा. सांडून राहिलं सारं."

मी जवळून टाकलं नाही.

नागपुरात आल्यावर पुस्तिका लिहिली. शेवटी घातलं : 'स्पृश्य-अस्पृश्य आम्ही सारे त्या भग्न सभामंडपात एका पंगतीत जेवलो.' कुणी मागितलं होतं हे? कागद दशरथकडेच गेले. एकेक खिळा उचलून ती ओळ त्यानं स्वतःच्या बोटांनी जुळवली. प्रूफ घेऊन आला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "शेवटच्या पानावर एक ओळ जास्तीची होऊन राहिली. कोनती काढू?"

काढता आली असती. मी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. त्या ओळीवरून नजर सावकाश पुढे नेली. म्हणालो, "शिखराच्या उंचीची काढ."

"काढतो," म्हणाला. काढली.

ती पंगत लोकांना फार आवडली. अजूनही सभेत माझी ओळख तिच्यावरूनच करून देतात, आणि मी मान खाली घालून हार घालून घेतो — नम्र दिसतो म्हणे. दशरथनं त्यानंतर माझं एकही काम हाती घेतलं नाही. सहलीलाही आला नाही. हे पान मी दुसऱ्या छापखान्यात दिलंय. ही घाणसुद्धा त्यानंच का जुळवावी?

तुमच्याकडे माफी मागत नाही. ती द्यायचा हक्क तुमचा नाही. पण येत्या रविवारी महालातल्या मैदानावर समतेवर माझं भाषण ठेवलंय. तिथं या. मी तोंड उघडायच्या आत उभे राहा, दशरथचं नाव घ्या, आणि मला व्यासपीठावरून खाली उतरवा.