कॅम्पच्या मॅनेजरबाई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या घरून ऑफिसला निघालो होतो. पुण्याहून दाजी बोलत होते. आवाज नेहमीसारखाच, सावकाश. “अरे, शैला गेली. चहा घेतला, खिडकीपाशी बसली आणि...” मी गाडी बाजूला घेतली. मग दाजी म्हणाले, “कॅम्पवर कळवायला हवं. त्या लोकांचे नंबर आहेत ना तुझ्याकडे?” बायको जाऊन तासही झाला नव्हता आणि त्यांना आधी कॅम्प आठवला. दुसऱ्या कुणाला याचं नवल वाटलं असतं, मला वाटलं नाही. त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. लोक भेटले की विचारतात, “तुमची बहीण तिकडे नेमकं काय करायची?” त्यांना एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

शैलाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर ती शारजाला आली. दाजी एका बांधकाम कंपनीत सिव्हिल इंजिनिअर, हाताखाली तीनशे माणसं. ताई एका नर्सरी शाळेच्या ऑफिसात काम करायची. एकुलती एक मुग्धा तिथेच वाढली, आणि त्यांच्याच आधाराने पुढे मीही इकडे आलो. मग २००८ची मंदी आली. दाजींचा टॉवर एकविसाव्या मजल्यावर थांबला आणि वर्ष सरायच्या आत त्यांच्या हातात पत्र पडलं. महिनाभरात देश सोडायचा. मुग्धा तेव्हा बारावीला होती, परीक्षा अगदी तोंडावर. दाजी म्हणाले, सगळेच पुण्याला जाऊ, तिचं वर्ष गेलं तर गेलं. ताई म्हणाली, “तिचं वर्ष का जावं? तिने काय केलंय?”

नर्सरीतल्या दोन मुलांना सोडायला त्यांचे आजोबा यायचे. सगळे त्यांना अबू राशिद म्हणत. उम्म अल क्वैनच्या बाजूला समुद्रकाठी त्यांची जागा होती. तिथे त्यांनी कॅराव्हॅनचा कॅम्प काढला होता. ऑक्टोबरात उघडायचा, एप्रिल संपता संपता बंद व्हायचा. थंडीचे दिवस उन्हात काढायला आलेली युरोपातली निवृत्त मंडळी चाकांवरची घरं आणून चार-चार महिने राहायची आणि सुट्टीच्या दिवशी अरब कुटुंबं यायची. त्यांचा मॅनेजर मंदीत गाशा गुंडाळून गेला होता. हे कळताच ताईने त्यांना सरळ विचारलं, “बाबा, मी करू का?” म्हातारा हसला, पण नाही म्हणाला नाही. अट एकच, राहायचं तिथेच. व्हिसा त्यांनी दोघांचेही काढले. ताईचा मॅनेजर म्हणून आणि दाजींचा मेंटेनन्सचा माणूस म्हणून.

ते दाजींना फार लागलं. नळाचे वॉशर बदलणं, विजेच्या जोडण्या बघणं, कॅराव्हॅनखालच्या मैलापाण्याच्या नळ्या साफ करणं... पहिल्या महिन्यात मी भेटायला गेलो तर ते माझ्या नजरेला नजर देईनात. मुग्धाही घुश्श्यात. “मॉम, यू कान्ट बी सीरियस. पीपल लिव्ह हियर फॉर हॉलिडेज,” ती म्हणाली. ताई कांदा चिरत होती. “हो ना,” ती म्हणाली, “आपल्याला तर हॉलिडेचा पगारही मिळतोय.” दाजी रोज सकाळी मुग्धाला शारजाच्या शाळेत सोडायचे. दुपारी ती कॅराव्हॅनच्या पायरीवर पाय सोडून अभ्यास करायची. मैत्रिणींना मात्र तिने राहायचं ठिकाण सांगितलं नव्हतं. परीक्षा झाली, मार्क उत्तम पडले, तरीही मे महिन्यात पुण्याला जाताना ताई अबू राशिदना सांगून गेली, “ऑक्टोबरात येतेच.”

तेव्हापासून तिचं वर्ष दोन भागांत वाटलं गेलं. सहा-सात महिने कॅम्प आणि उरलेले पुण्यातला फ्लॅट. ती या दोन जागांची तुलना सतत करायची. “पुण्यात तीन खोल्यांत माझा चष्मा सापडत नाही. इथे हरवायला जागाच नाही.” शारजाच्या इमारतीत अकरा वर्षं राहूनही समोरच्या दाराआड कोण राहतं, हे तिला कळलं नव्हतं. कॅम्पवर पलीकडच्या ओळीत कुणी खोकलं तरी ती हळदीचं दूध घेऊन जायची. पुण्याच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, “अजून त्या तंबूतच का?” ती शांतपणे सांगायची, “तंबू नाही हो, चाकं आहेत त्याला.” त्रास नव्हता असं नाही. पाण्याची टाकी ऐन अंघोळीत संपायची, वाळू पोळीतसुद्धा यायची आणि गणपतीला पुण्यात असलेली ही बाई दिवाळीला कधीच नसायची. त्याची तिला रुखरुख होती. मग तिने कॅम्पवरच दिवाळी सुरू केली. जर्मन आजीबाई चकलीचा सोऱ्या फिरवताहेत आणि दाजी वाळूत पणत्या रोवताहेत, असा फोटो माझ्याकडे आहे.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या हंगामातलं. फेब्रुवारीतली दुपार होती. उत्तरेचा वारा सकाळपासून चढत होता आणि तीनच्या सुमारास समुद्र कुंपणाच्या आत आला. पाण्यालगतच्या पहिल्या ओळीत दहा कॅराव्हॅन होत्या. नऊ पाहुण्यांच्या, दहावी ताईची. मी त्या दिवशी योगायोगाने तिथे होतो. ताईने ओढणी कमरेला बांधली आणि दाजींना म्हणाली, “अहो, ट्रॅक्टर काढा. एकेक करून मागे ओढायच्या.” दाजी म्हणाले, “आपली कडेलाच आहे, आधी ती घेऊ.” “आपली शेवटी,” ती म्हणाली, आणि बोलणं तिथेच संपलं. ती पुढे चालत हाताने दिशा दाखवत होती, “यल्ला, चला, डावीकडे... थांबा... आता या.” तीनशे माणसांना हुकूम देणारे दाजी मान डोलावून ट्रॅक्टर वळवत होते. मी आणि चार पाहुणे चाकांखालची वाळू उपसत होतो. टॉम नावाचे एक स्कॉटिश आजोबा दार उघडेनात. म्हणाले, याहून मोठी वादळं पाहिली आहेत. पाणी पायरीला लागलं होतं. ताई त्या पायरीवरच बसली. “ओके टॉमकाका, देन आय ऑल्सो सिट.” दोन मिनिटांत आजोबा काठी घेऊन बाहेर आले.

नऊच्या नऊ निघाल्या. दहावीला दोर बांधेपर्यंत पाणी तिच्याखाली शिरलं आणि ती एका कुशीवर गेली. भांडी, कपडे, लग्नाचा अल्बम, सगळं खारं पाणी प्यायलं. ताई ओल्या वाळूत उभी राहून बघत होती. तिला रडताना मी त्या एकदाच पाहिलं, तेही फार वेळ नाही. दाजी ट्रॅक्टरवरून उतरले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहिलंस आमच्या मॅनेजरबाईंचं काम? माझ्या साइटवर असा एक फोरमन नव्हता.” त्या दिवसापासून कुणीही काय करता विचारलं की ते ताठ मानेने सांगायचे, “बायकोच्या हाताखाली असतो.” दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारातून काहीतरी आलं, चादरी, पातेली, कुणाचा तरी स्वेटर. अबू राशिदनी नवी कॅराव्हॅन पाठवली आणि निरोप दिला की ही शैलाची, कॅम्पची नाही. मुग्धाने पुढे लग्न ठरल्यावर सासरच्या मंडळींना आधी तिथेच आणलं. “धिस इज व्हेअर माय मदर वर्क्स,” ती म्हणाली. मी ताईकडे पाहिलं, तर ती घाईघाईने चहा गाळायला लागली होती.

ती ऑगस्टमध्ये गेली. पुण्याच्या सोसायटीत शोकसभेला पंधरा माणसं होती, चांगली बोलली. माझ्या फोनवर मात्र आठ-दहा देशांतून निरोप येत राहिले. टॉमकाका केव्हाच वारले. त्यांच्या मुलीने लिहिलं, वडील शेवटपर्यंत त्या पायरीची गोष्ट सांगायचे.

गेल्या आठवड्यात कॅम्प उघडला. कारभार नव्या मॅनेजरच्या हाती देण्यासाठी दाजी आले होते. मीच त्यांना घेऊन गेलो. नव्या बाई केरळच्या, चाळिशीच्या, मोठ्या उत्साहाच्या. ऑफिसात भिंतीवर पाहुण्यांच्या कॅराव्हॅनच्या चाव्यांची फळी आहे. प्रत्येक खिळ्याखाली ताईच्या अक्षरात मराठी चिठ्ठी. बाई गोंधळल्या. “अंकल, ये सब क्या लिखा है? नंबर डाल दूँ?” “नंबर मत डालना,” दाजी म्हणाले आणि चष्मा लावून एकेक वाचून हिंदीत सांगू लागले. खोकल्यावाले आजोबा. दोन कुत्री. भांडतात पण प्रेमळ. सूप घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बाई वहीत उतरवून घेत होत्या. शेवटच्या खिळ्याला पुण्याच्या फ्लॅटची जास्तीची चावी होती. ती तिथे आहे हे मलाही माहीत नव्हतं.

“और ये?”

दाजी जरा वाकले. मग सरळ झाले. “ये हमारा पूना का घर. लिखा है, ‘उन्हाळ्यापुरतं’... मतलब, सिर्फ गर्मी के लिए.”

बाईंनी चावी काढून त्यांच्यापुढे धरली. दाजींनी ती घेतली, क्षणभर तळहातावर ठेवली आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. मग ते नव्या बाईंना घेऊन पहिल्या ओळीकडे निघाले, भरतीचं पाणी कुठवर येतं ते दाखवायला.