ताईची कवळी

माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, पण एकदा पाहिलेला जबडा तो जन्मात विसरत नसे. तो कवळ्या करायचा. शहरातले पाच-सहा दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं त्याच्याकडे पाठवायचे, आणि हा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात लावायचा आणि लोकांना पुन्हा हसतं-खातं करायचा. ज्यांच्यासाठी एवढी खटपट, त्यांतली बहुतेक माणसं त्याने पाहिलेलीही नसत. मग कधी बसमध्ये समोरच्या बाईंनी जांभई दिली की हा बायकोच्या कानाशी लागायचा, "वरची कवळी माझी. तीन वर्षांपूर्वीची." परक्या बाईच्या तोंडात इतकं निरखून पाहणारा नवरा शेजारी बसला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका ओळीत उभे केलेले पांढरेशुभ्र दात त्याला मुळीच आवडत नसत. तो रुग्णाचा जुना फोटो मागवून घ्यायचा. त्यात पुढचा दात जरासा वळलेला दिसला तर तोही तसाच वळवायचा. "माणूस घरी गेल्यावर घरच्यांना ओळखू यायला नको का?" असं त्याचं म्हणणं. त्यामुळे एका कवळीला पंधरा-पंधरा दिवस जायचे, आणि पैसे मात्र इतरांइतकेच मिळायचे.

इतकी वर्षं ते चालून गेलं. मग दोन वर्षांत सगळंच अंगावर आलं. दुकानाचं भाडं वाढलं, घराचं वाढलं, वीज महागली, आणि वर धंद्याच्या करात नवी भर पडली. तो कराच्या कार्यालयात विचारायला गेला, तर खिडकीतल्या कारकुनाने अतिशय गोड हसून सगळे नियम समजावून सांगितले. तो इतका गोड हसला, की खालची कवळी आपलीच आहे हे याने तिथल्या तिथे ओळखलं. आपल्या हातचे दात आपल्यालाच कर समजावताहेत म्हटल्यावर रागवायचं तरी कोणावर? तो मुकाट घरी आला.

अशातच परदेशातून मित्राचा फोन आला. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेले. मित्राची तिकडे मोठी कार्यशाळा होती आणि चांगला हात असलेला माणूस मिळत नव्हता. पगार बरा, राहायला घर, मुलीच्या शाळेची सोय. करार पाच वर्षांचा, आणि उत्तर वर्षअखेरपर्यंत.

बायको हरखून गेली नाही. ती शाळेच्या कचेरीत नोकरी करायची आणि कागद दोनदा वाचल्याशिवाय खुश व्हायची तिची रीत नव्हती. मित्राने पाठवलेला करार दोनदा वाचून ती म्हणाली, "अहो, इथे आपण नुसते तगून आहोत. पोरीला पुढे शिकवायचं म्हटलं तर कुठून आणणार? मला विचाराल तर जाऊया. पण ताईंचं काय?"

घोडं अडलं होतं ते तिथेच. तिकडे राहायची परवानगी मिळणार होती ती नवरा, बायको आणि मुलीला. ताईला नाही.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई अठराची. तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, त्याच्या मास्तरांशी भांडली, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. "राहून गेलं" हा तिचाच शब्द. छत्री विसरल्यासारखं ती ते सांगायची. शिवणकाम करून तिने त्याला धंद्याला लावलं. आता साठीची ताई त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होती. परदेशाची गोष्ट कानावर येताच तीच आधी म्हणाली, "जा की! मी काय कुकुलं बाळ आहे? उलट तुम्ही गेलात की मला रेडिओ मोठ्याने लावता येईल."

तिचे उरलेसुरले दात याच वर्षी काढले होते. हिरड्या भरून आल्यावर डॉक्टरांनी माप घेतलं आणि अर्थातच कवळी करायला घेतली भावाने. पण ती काही केल्या संपेना. मेणात दात लावायचा, फोटो शेजारी धरून बघायचा, मान हलवायचा आणि सगळं पुन्हा वितळवायचा. असं चार वेळा झालं. ताई बिचारी पाव चहात बुडवून खात होती. शेवटी बायकोने हटकलं, "जगाचे दात पंधरा दिवसांत होतात आणि ताईंचे चार महिने?"

"ते हसू जमत नाहीये," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण हे काम हातावेगळं झालं की ताईच्या बाबतीत करण्यासारखं आपल्याकडे काहीच उरणार नाही, हेही त्याला आतून कळत होतं. ते तो बोलत नव्हता, एवढंच.

ताईला मात्र ते न बोलताही कळलं असावं. एक दिवस तिने दरडावलं, "महिनाअखेरच्या आत माझे दात माझ्या तोंडात हवेत. समजलं?" तिच्यापुढे त्याचं कधी काय चाललं होतं? चौथ्या दिवशी कवळी तयार झाली. ताईने ती लावली, आरशात पाहिलं आणि तोंड भरून कौतुक केलं. "अगदी मापात! जन्मल्यापासून इथेच असल्यासारखे बसलेत. आता कर ते कागद पुरे."

आठवडाभर तिचं हेच पालुपद. काल सफरचंद खाल्लं, आज शेंगदाणे फोडले. रविवारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्याचं लक्ष गेलं. ताई एकाच बाजूने चावत होती. मुलीने वर्गातली काहीतरी गंमत सांगितली, सगळे खो खो हसले, आणि ताईने ओठ न उघडता नुसतेच डोळे मिचकावले.

"ताई, साठपासून सत्तरपर्यंत मोज."

"आता ही कसली परीक्षा?"

"मोज म्हणतो ना."

कवळी नीट बसली आहे की नाही हे या आकड्यांतल्या 'स'च्या उच्चारात पकडता येतं, हे त्याच्या धंद्यातलं साधं ज्ञान. ताईने सुरुवात केली. "साठ, एकसष्ट, बासष्ट..." पासष्टला ती थबकली, सदुसष्टला तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने टॉर्च आणून पाहिलं. खालच्या हिरडीवर लालभडक जखम झाली होती.

"आठ दिवस हे घेऊन हिंडतेस? आणि शेंगदाणे?"

"नाही खाल्ले." ताई खाली मान घालून म्हणाली. "दुखतंय म्हटलं असतं तर तू पुन्हा वितळवत बसला असतास. माझ्या दातांपायी पोरीचं नुकसान करायचं का?"

ताट तसंच ठेवून तो तिला दुकानात घेऊन गेला. स्टुलावर बसवलं, कवळी हातात घेतली आणि टोचणारी कड यंत्रावर केसाकेसाने घासू लागला. घासायचा, धुवायचा, लावून बघायचा. हात कामात होते म्हणूनच त्याला बोलता आलं. "ताई, तुला सोडून जायचा धीर होत नाही मला."

"ठाऊक आहे. मला तरी कुठे होतोय?" ती म्हणाली. "पण इथे राहून तू रोज थोडा थोडा वाकतोयस, ते बघायचा धीर त्याहून होत नाही."

सातव्या खेपेला कवळी बसली. ताईने साठ ते सत्तर घडाघड म्हटलं. मग विचारलं, "आता ही जन्मभर पुरेल?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, "नाही. हिरड्या झिजत राहतात. दोन वर्षांत सैल होईल. मग नवं माप घेऊन आतून भरावी लागते."

"कोणीही भरून देतं?"

"देतं."

"मला कोणीही नको," ताई म्हणाली. "जा तू. पण दोन वर्षांनी यायचंस. दुसऱ्या कोणापुढे मी तोंड उघडणार नाही, सांगून ठेवते." आणि ती हसली. पुढचा दात जरासा वळलेला, फोटोतल्यासारखा.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोन तर दोन. कळवून टाका."

त्याने मित्राला कळवलं, पाच नाही, दोनच वर्षांसाठी येईन. जमत नसेल तर राग नाही. संध्याकाळी मित्राचा फोन आला. "अरे, दोनच का?"

"ताईला नवी कवळी केलीय," तो म्हणाला.

मित्र त्याच धंद्यातला. "करार दोनचा करून पाठवतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.