छातीतला कोळसा

माझे मारोतीमामा बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत जन्मभर राबले. खाली विडी-काडीला बंदी, म्हणून सगळेच गालात तंबाखू धरायचे. मामांच्या गालाला कॅन्सर झाला तो असा. ऑपरेशनने चेहरा एका बाजूला ओढला गेला, तरी आरशात बघून ते स्वतःचीच थट्टा करायचे.

पुढच्या तपासणीला मी त्यांना हैदराबादला नेलं. मी मास्तरीण, तेलुगू-इंग्रजी येतं, म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात. तिथे औषध मिसळलेली साखर शिरेतून देतात आणि दोन तऱ्हेचे फोटो एकावर एक बसवतात. एकात गाठ कुठे आहे ते दिसतं, दुसऱ्यात ती साखर कुठे अधाशासारखी खाल्ली जाते ते. कॅन्सर ती तशीच खातो आणि ती जागा फोटोत उजळते. मामांच्या छातीत काही ठिपके उजळले होते. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर पसरला असेल, नाहीतर खाणीतली जुनी धूळ असेल. तीही कधी अशीच उजळते. सुईने तुकडा काढून तपासायला हवा.

मामांनी यातली धूळ तेवढी उचलली.

घरी जुने सोबती जमले. खाणवाल्यांत छातीवरच्या डागाला कोणी भीत नाही, प्रत्येकाच्या एक्सरेत तो असतोच. चहा पिता पिता सगळ्यांनी निकाल देऊन टाकला आणि मामीने आनंदाने मटण शिजवलं. माझा संताप झाला. मी घसा कोरडा करून सांगतेय आणि ऐकायचं कोणाचं, तर या म्हाताऱ्यांचं!

मामा शांतपणे म्हणाले, "कोळसाच हाय तो, पोरी. जिंदगीभर खाल्ला मी."

तुकडा काढायला ते गेलेच नाहीत. सुई खरं सांगेल, याचीच त्यांना भीती होती. ते मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

थंडी पडली तशी मामांची पाठ धरली. उठवेना, तेव्हा स्वतःच चल म्हणाले. पुन्हा तीच साखर, तेच यंत्र. या वेळी डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. छातीतले ठिपके मोठे झाले होते आणि कंबरेपर्यंत मणके उजळले होते.

मामांनी पडद्यावरचे मणके बोटाने खालपर्यंत मोजले. मग डॉक्टरांना सोडून त्यांनी मला विचारलं, "मणक्यात कोळसा जाते का, पोरी?"

"नाही, मामा."

त्यांनी मान हलवली.

"तुह्या मामीले मात्र कोळसाच सांगजो."